अद्भुत कथेचा वाचक आणि विश्वासाचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या इतिहासात अद्भुत कथेत रमणारा वाचक बहुधा अपक्व ठरविला गेला आहे. अशक्य घटना खऱ्या वाटतात म्हणूनच त्या वाचकाला आवडतात, आणि विवेक वाढला म्हणजे ही गोडी ओसरते, असे या मतामागील गृहीत आहे. ते स्वीकारल्यास विज्ञानकथेच्या सुशिक्षित वाचकाचा उलगडा होत नाही; म्हणून त्याची तपासणी अगत्याची ठरते.

प्रथम मौखिक परंपरेतील एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ, बालाघाटाच्या डोंगरात, रामलिंगाचे देवस्थान आहे. सीतेला आकाशमार्गाने नेणाऱ्या रावणाशी जटायू येथे झुंजला, अशी स्थानिक कथा आहे. परंतु जटायू पडल्याचे स्थान म्हणून नाशिक जिल्ह्यातील टाकेद आणि आंध्र प्रदेशातील लेपाक्षी हीही दाखविली जातात. भाविकाची श्रद्धा हा स्वतंत्र विषय होय; कथेची गोडी मात्र स्थलनिश्चितीवर अवलंबून नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

भारतीय साहित्यशास्त्राला हा भेद अपरिचित नव्हता. भरताने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव सांगितला. पुढे शंकुकाने नाट्यप्रतीतीसाठी चित्रातील घोड्याचा दृष्टांत योजिला. तो घोडा पाहणारा त्यास खरा समजत नाही आणि खोटा म्हणून टाकूनही देत नाही.

मुद्रित कादंबरीच्या आरंभकाळी मात्र हा भेद विसरला गेला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. आपल्या समाजाच्या नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे फारसे नसल्यामुळे मनोरंजनासाठी अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी प्रस्तावनेत केले. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या निबंधात अशा कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर टीका केली. १८९० साली ‘करमणूक’ पत्र सुरू करणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी सामाजिक कादंबरीस प्रतिष्ठा मिळवून दिली. तिचे मोल निर्विवाद आहे. पण त्यामुळे अद्भुताची गोडी संपली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आली, आणि १९११ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही विज्ञानकथा प्रसिद्ध झाली.

१९७४ ची घटना या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी ते टोपणनाव घेतले होते. शास्त्रज्ञाच्या अधिकाराचे बळ नसतानाही कथा रुचली, हे येथे महत्त्वाचे.

मग वाचक नेमके काय पारखतो? जुन्या कथेत शापाला उःशाप असतो आणि त्याला अट असते. ती अट कथाकाराने मोडली, तर श्रोता हटकतो. विज्ञानकथेत शापाच्या जागी निसर्गनियम किंवा यंत्र येते. एकदा गृहीत धरलेला नियम शेवटपर्यंत पाळला जावा, ही अपेक्षा तीच राहते. बदलला तो अद्भुताचा आधार. वाचकाची शिस्त बदलली नाही.

भाषेनेही हे सातत्य नोंदविले आहे. देवांच्या आकाशगामी वाहनाचे ‘विमान’ हे नाव मराठीने विसाव्या शतकातील यंत्राला दिले. ते उच्चारताना कोणी पुराण खरे मानीत नाही, आणि यंत्र मिळाले म्हणून पुराणातील विमानाची गोडीही कोणी सोडलेली नाही. तेव्हा अद्भुताचा वाचक भोळा नव्हे. घटना शक्य आहे की नाही याऐवजी कथा आपल्या वचनाला जागते की नाही, एवढेच तो विचारतो; आणि ही कसोटी वास्तववादी कादंबरीच्या कसोटीहून सौम्य नाही.