रात्रीचा मुक्काम : मोटारीतून निघालेल्या कुटुंबांचा इतिहास

(१/१३) लांबच्या प्रवासाहून मोटार दारात परतते, तंबूची घडी फडताळात जाते आणि घरात हिशेब सुरू होतो : किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती लागले, काय काय पाहिले. रात्री कुठे उतरलो, हा तपशील बहुधा शेवटी आठवतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तोच प्रश्न आधी विचारावा. समाजाने कोणाला आपले मानले आणि कोणाला परके, हे सूर्य मावळल्यावर स्पष्ट दिसते. त्यासाठी आज अमेरिकेतील कौटुंबिक तंबू-प्रवासाचा इतिहास पाहू.

(२/१३) १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. ६३ दिवस लागले. तेव्हा हे साहस होते. १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला बाजारात आली आणि १९२०च्या दशकाच्या मध्यास तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली उतरली. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरी मोटार आली, आणि साहसाची सहल झाली.

(३/१३) १९१३ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशा ‘लिंकन हायवे’ची आखणी जाहीर झाली. १ ऑगस्ट १९१५ पासून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोटारींना प्रवेश मिळाला. आगगाडीचे वेळापत्रक आणि हॉटेलचे भाडे या दोन्ही जाचांतून मध्यमवर्गीय कुटुंब मोकळे झाले. मोटारीच्या बाजूला कनात ताणावी, चूल पेटवावी आणि तिथेच रात्र काढावी, अशी रीत पडली.

(४/१३) या छंदाला प्रतिष्ठा दिली ती बड्या मंडळींनी. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज स्वतःला ‘भटके’ म्हणवीत आणि जवळजवळ दरवर्षी तंबू ठोकायला निघत. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या तळावर मुक्कामाला आले. या भटक्यांसोबत आचारी असे आणि स्वयंपाकाचे सामान वाहणारी स्वतंत्र गाडीही असे. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकत.

(५/१३) गावोगावच्या नगरपालिकांनीही प्रवाशांसाठी मोफत तळ उघडले. पाहुणा उतरला की बाजारात चार पैसे खर्च करील, हा त्यामागचा हिशेब. पण मोटार स्वस्त झाली तसे काम शोधत फिरणारे गरीबही याच तळांवर येऊ लागले. मग १९२०च्या दशकाच्या मध्यास अनेक गावांनी शुल्क बसवले, नोंदणी सक्तीची केली आणि मुक्कामाचे दिवस मर्यादित केले. हौशी प्रवासी हवा होता, गरजू प्रवासी नको होता.

(६/१३) पुढच्या दशकात हा भेद उघडा पडला. मंदी आणि धुळीच्या वादळांनी उखडलेली ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा भागांतील कुटुंबे जुन्या मोटारींवर गाद्या, भांडी आणि लेकरे लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. रस्ता तोच, तंबू तसाच, चूलही तशीच. फक्त यांच्या प्रवासाला परतीचे घर नव्हते. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमांवर पाठवले. खिशात पैसा नसलेल्यांना तिथूनच माघारी धाडावे, असा त्यांना हुकूम होता.

(७/१३) अशाच एका प्रवासाची अखेर सर्वोच्च न्यायालयात झाली. डिसेंबर १९३९ मध्ये फ्रेड एडवर्ड्स कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेले आणि आपल्या बेरोजगार मेहुण्याला मोटारीतून घरी घेऊन आले. निर्धन माणसाला जाणूनबुजून राज्यात आणणे हा तेथील कायद्याने गुन्हा होता. एडवर्ड्स दोषी ठरले. १९४१ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. आप्ताला घरी आणण्याचा साधा अधिकार मिळवण्यासाठी एवढी वाट चालावी लागली.

(८/१३) कृष्णवर्णीय कुटुंबांची गोष्ट याहून कठीण. पदरी पैसा असला आणि मोटार नवी असली, तरी मोटेलचे दार उघडेलच याची खात्री नसे. अनेक गावांत सूर्यास्तानंतर त्यांनी थांबूच नये, असा दंडक होता. म्हणून शिदोरी, पाणी, जादा पेट्रोल बरोबर घेऊन निघावे लागे, आणि कित्येकदा रात्र मोटारीतच काढावी लागे. या गरजेतून १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपालवाटप करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी सुरक्षित मुक्कामांची मार्गदर्शिका छापली. हीच ती ‘ग्रीन बुक’. ती पुढे तीन दशके निघत राहिली.

(९/१३) उघड्या आकाशाखालीही भेद होता. व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये ‘लुइस माउंटन’ हा तळ केवळ कृष्णवर्णीयांसाठी म्हणून उघडण्यात आला. डोंगर एक, झाडी एक, उद्यान राष्ट्राच्या मालकीचे. तरी तंबूची जागा वर्णावरून ठरे. ही विभागणी पुढे १९५०च्या सुमारास संपली.

(१०/१३) २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. अटलांटातील एका मोटेलच्या मालकाने त्याला आव्हान दिले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. लक्षात घेण्यासारखे म्हणजे, १९४१चा आणि १९६४चा असे दोन्ही निवाडे घटनेतील आंतरराज्य व्यापाराच्या कलमावर उभे आहेत. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न व्यापाराच्या वाटेने सोडवावा लागला.

(११/१३) हा इतिहास वाचताना मराठी वाचकाला आपल्याच मातीतील एक प्रवास आठवल्यावाचून राहत नाही. १९०१ साली बाल भीमराव आंबेडकर भावाभाच्यांसमवेत साताऱ्याहून खटाव तालुक्यातील वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्थानकापर्यंत आगगाडी होती. पुढे बैलगाडी हवी होती. पण जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर. डबा बरोबर होता. पाणी मात्र कोणी दिले नाही. जकात नाक्यापाशी रात्र काढून मुले उपाशीच दुसऱ्या दिवशी पोहोचली. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदवली आहे.

(१२/१३) त्याच मुलाच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे भारताच्या संविधानाचा मसुदा तयार केला. कलम १५(२) सवडीने वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे तिथे एकेक करून लिहिली आहेत. घटनेसारख्या दस्तऐवजात विहीर आणि हॉटेल यांचा उल्लेख का यावा, याचे उत्तर त्या एका तहानलेल्या रात्रीत सापडते. हे कलम २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. अमेरिकेतील कायद्याच्या चौदा वर्षे आधी.

(१३/१३) म्हणून, मित्रहो, कोणतेही प्रवासवर्णन हाती घ्याल तेव्हा मार्गाच्या नकाशाबरोबर मुक्कामांची यादीही करा. कोणाला ओसरी मिळाली, कोणाला पडवी, कोणाला नुसते झाड, हे टिपा. पाणी कोणी दिले आणि कोणी नाकारले, तेही टिपा. घरातील वडीलधाऱ्यांनाही त्यांच्या प्रवासांतल्या रात्रींविषयी विचारा. आज आपण कुठेही उतरतो, नाव सांगतो, खोलीची किल्ली घेतो आणि दमलेली मुले झोपी जातात. या साधेपणामागे खटले आहेत, कायदे आहेत आणि पाण्यावाचून काढलेल्या रात्री आहेत. आणि तो साधेपणा अजून सर्वांच्या वाट्याला आला आहे का, हे पुढच्या मुक्कामी डोळे उघडे ठेवून पाहणे हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम आहे.