विश्लेषण : बाटलीच्या झाकणांचे दागिने करताना कापलेलं प्लास्टिक पुन्हा का चिकटतं?

संगमरवरासारख्या रंगीत रेघा असलेली, वजनाला हलकी कानातली आणि पेंडंट हस्तकलेच्या प्रदर्शनांत किंवा इन्स्टाग्रामवर तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीचशी पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या झाकणांपासून बनतात. झाकणं वितळवून, दाबून त्यांची चकती करायची आणि त्या चकतीतून स्क्रोल सॉ या यंत्रावर हवा तो आकार कापायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण नव्याने हे करणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव हमखास येतो. पातं पूर्ण आकार फिरून येतं, तरी तुकडा सुटतच नाही. पात्याच्या मागची फट पुन्हा जुळलेली असते.

स्क्रोल सॉ म्हणजे काय?

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला प्लायवूड कापायला फ्रेट सॉ वापरली असेल, तर हे यंत्र ओळखीचं वाटेल. स्क्रोल सॉ ही तिचीच मोटरवर चालणारी बहीण. सुमारे पाच इंच लांबीचं, अगदी अरुंद पातं वर आणि खाली पकडून ताणलेलं असतं आणि ते जागच्या जागी वर-खाली होतं. करवत हलत नाही. हाताने चकती फिरवायची. त्यामुळे चाफ्याच्या पाकळीसारखी वळणं घेता येतात. आतली नक्षी कापायची तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं आणि परत ताणायचं. वेळखाऊ काम आहे.

फट परत का जुळते?

पातं घासलं की उष्णता तयार होते. लाकूड तापलं तर फार तर करपतं. पॉलिथिन मात्र वितळतं. झाकणांमध्ये सर्रास वापरलं जाणारं एचडीपीई हे प्लास्टिक सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यातच ते उष्णता फारशी वाहून नेत नाही. पोलादाच्या तुलनेत त्याची ही क्षमता जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी. म्हणजे पात्याजवळची उष्णता चकतीत पसरत नाही, कापाच्या जागीच साठते. भुसा बाहेर पडण्याऐवजी मऊ होऊन फटीत अडकतो आणि पातं पुढे सरकलं की तिथेच गोठतो. एका अर्थी करवत पुढे कापत जाते आणि मागे वेल्डिंग होत जातं.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार असतो वेग वाढवण्याचा किंवा आणखी बारीक दातांचं पातं लावण्याचा. दोन्हींनी दुखणं वाढतं. वेग बदलता येणाऱ्या यंत्रांवर मिनिटाला साधारण ४०० ते १८०० फेऱ्या मिळतात. प्लास्टिकसाठी खालच्या टोकाकडचा वेग बरा. पातं मोठ्या, विरळ दातांचं हवं. ‘स्किप टूथ’ प्रकारात एकाआड एक दात गाळलेला असतो, त्या रिकाम्या जागेतून भुसा बाहेर निघतो आणि जाताना थोडी उष्णताही घेऊन जातो. चकती पात्यावर रेटायची नाही. पण फार रेंगाळलं तरी एकाच जागी घासत राहून प्लास्टिक तापतं. हा अंदाज हातालाच येतो, दोन-चार चकत्या वाया घालवून.

चकतीवर पारदर्शक पॅकिंग टेप लावण्याची युक्तीही कारागीर वापरतात. तिच्यामुळे फट जुळण्याचं प्रमाण कमी होतं. डिझाइनचा कागद एचडीपीईवर थेट चिकटवला तर निघून येतो, म्हणून तोही मास्किंग टेपवर चिकटवलेला बरा.

चकती कुठून येते?

एक झाकण दोन ग्रॅमचं धरलं तर १० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या चकतीला साधारण १५ झाकणं लागतात. वितळलेलं एचडीपीई थंड होताना आकसतं. वजनाखाली दाबून सावकाश थंड केलं नाही, तर चकती पापडासारखी वाकते, आणि वाकडी चकती यंत्राच्या टेबलावर थडथडते.

या छोट्या उद्योगाला जगभर गती देण्यात नेदरलँड्सच्या डेव्ह हाकेन्स यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी २०१३ साली ‘प्रेशस प्लास्टिक’ हा प्रकल्प सुरू केला आणि प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या, वितळवणाऱ्या, दाबणाऱ्या यंत्रांचे आराखडे सगळ्यांसाठी मोफत खुले केले.

कोणतं प्लास्टिक चालत नाही?

इथे चूक महागात पडते. वस्तूवरच्या त्रिकोणातला आकडा आधी पाहायचा. २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. दोन्ही या कामाला योग्य, पण एकत्र वितळवू नयेत, कारण ते नीट एकजीव होत नाहीत आणि दागिना जोडावर तुटू शकतो. ३ म्हणजे पीव्हीसी. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा श्वासनलिका जाळणारा वायू सुटतो. त्यामुळे उरलेले पाइपचे तुकडे फुकट मिळाले तरी वितळवायचे नाहीत. आकडाच नसलेलं काळं प्लास्टिकही टाळावं. काही काळ्या वस्तूंमध्ये ई-कचऱ्यातून आलेली अग्निरोधक रसायनं आढळली आहेत आणि दागिना तर दिवसभर अंगाला लागून असतो.

प्लास्टिक वितळवायला घेतलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. कापताना चष्मा आणि मास्क हवाच.

भुशाचं काय?

‘रिसायकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्याची ही झाकली जाणारी बाजू. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, आणि करवतीचा भुसा नेमका तोच असतो. झाकण अख्खं होतं तोवर भंगारवाल्याला वेचता येत होतं. भुसा मोरीतून वाहून गेला तर कुणालाच वेचता येणार नाही. म्हणून यंत्राखाली ट्रे ठेवून तो गोळा करायचा आणि पुढच्या चकतीत मिसळायचा. कडा कानशीने किंवा धारदार पात्याने तासल्या तर निघणारा कीसही याच ट्रेमध्ये जातो. पॉलिश पेपरने घासलेल्या भुशात मात्र कागदाचे खरखरीत कण मिसळतात, त्यामुळे तो वेगळा ठेवावा लागतो.

शेवटचा टप्पा कडी बसवण्याचा. एचडीपीईला साधा गोंद किंवा फेव्हिक्विक धरत नाही, त्यामुळे हूक चिकटवण्याचा मोह टाळून बारीक भोक पाडायचं आणि त्यातून कडी ओवायची. भोक कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत घेतलं, तर ते ओढाताणीत फाटत नाही.