समुद्रफेन आणि शाई

जबलपूरच्या पंसाऱ्याकडे ‘समुद्रफेन’ मागितला, तर तो पांढरा, हलका, नखाने खरवडता येईल असा तुकडा पुडीत बांधून देतो. नावावरून तो सागराचा वाळलेला फेसच वाटावा. वस्तुतः ते माकुलाच्या पाठीतील चुनखडीचे हाड होय. आयुर्वेदाने त्याला अंजनात आणि कानाच्या औषधात स्थान दिले.

हाड येथवर आले, माकूल मात्र आले नाही. त्याच्या वर्गातील एकही प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही. नर्मदा भडोचजवळ सागरास मिळत असली, तरी तिच्या प्रवाहाने वर येणे त्याच्या नशिबी नाही. भोसल्यांच्या अंमलात मराठी माणसे येथे आली. पुढे १८७० साली मुंबईचा लोहमार्ग कलकत्त्याच्या लोहमार्गास जबलपुरातच जोडला गेला आणि किनाऱ्यावरच्या माणसासही ही वाट सुलभ झाली. परंतु त्या वाटेने टिकणारे तेवढे आले. नासणारे मागे राहिले.

मागे राहिले त्यात माकुलाची शाई होती. भ्यालेले माकूल ती सोडते, आणि लपण्यासाठीही सोडते, हे ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. रोमन लोकांना ती लिहिण्याची शाई म्हणून ठाऊक होती. चित्रकारांच्या तपकिरी ‘सेपिया’ रंगाचे नाव या प्राण्याच्या ग्रीक नावावरूनच पडले. व्हेनिसच्या घरांत ती भातात घालतात : पिशवी अलगद काढावयाची, शाई थोड्या पाण्यात कालवून गाळावयाची आणि कांद्यावर परतलेल्या माकुलात व तांदळात मिसळावयाची. भात काळाभोर होतो आणि त्याला समुद्राची खारट चव येते.

कोकणात ही पिशवी फेकून देतात, कारण ती फुटली तर सारे कालवण काळे होते. शाईवर उपजीविका करणाऱ्या आम्हां नोकरदारांनी स्वयंपाकघरात तिचाच एवढा धसका घ्यावा, ही गंमतच! तथापि आमच्या गृहिणींना यात कमी लेखण्याचे कारण नाही. ती नाजूक पिशवी न फोडता काढणे, हीच या पाककृतीची अवघड पायरी, आणि ती आमच्या आयांना उपजत असावी तशी येत असे. व्हेनिसची गृहिणी ज्या हाताने शाई राखते, त्याच हाताने कोकणची गृहिणी ती टाकते.

आता बर्फात गोठविलेली माकुले दूरच्या शहरांतही जातात. पण बहुधा साफ केलेली, हाड आणि शाई दोन्ही काढलेली. अंतर मिटले, असे आपण म्हणतो. परंतु पिशवी काढावयाची नसेल, तर तो हात मुलींनी शिकावा कोठे? परमुलखात पदार्थ विसरतो त्याआधी हात विसरतो. पंसाऱ्याच्या पुडीतील हाड तेवढे अजून साक्षीला आहे.