चंदेरी पापुद्र्याचे भाषांतर

भाताचे तूस काढल्यावर दाण्यावर जो पातळ पापुद्रा उरतो, त्याला डच भाषेत 'झिल्फरफ्लीस', म्हणजे चंदेरी पापुद्रा, असे म्हणतात. असा तांदूळ इंग्रजाने रंगावरून ओळखला व त्याला 'ब्राउन राइस' म्हटले. महाराष्ट्रातील गृहिणीने त्याच्या जवळचा तांदूळ कांडणाऱ्या हातावरून ओळखला व त्याला 'हातसडीचा' म्हटले. नावे तीन, परंतु या पापुद्र्यात मनुष्याचे जीवन दडलेले आहे, हे तिन्हींपैकी एकाही नावात सांगितलेले नाही. ते शोधून काढण्याचा मान डचांच्या जावा बेटातील वसाहतीकडे जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सैनिक आणि कैदी बेरीबेरीने पांगळे होऊन मरत होते. रोगजंतूंच्या शोधांनी भारावलेल्या त्या काळात याही रोगाचा जंतू असलाच पाहिजे, अशी वैद्यांची समजूत होती. बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तात, प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या क्रिस्तियान आइकमान यांना १८८९ मध्ये आपल्या कोंबड्यांत तशीच लक्षणे दिसली. आणि काही महिन्यांनी ती आपोआप नाहीशीही झाली. चौकशीअंती कारण कळले ते असे: कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील पांढरा भात मिळत असे, पुढे नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे त्याने साफ नाकारले! एका सरकारी नियमनिष्ठेने विज्ञानाची एवढी सेवा क्वचितच केली असेल. पुढे फॉर्डरमान यांनी जावामधील सुमारे १०० तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा सडीक तांदूळ खाणाऱ्या कैद्यांतच हा रोग प्रामुख्याने आढळला.

आइकमान यांनी मात्र याचा अर्थ असा लावला की, तांदळाच्या पिष्टात विष असून पापुद्र्यात त्यावरील उतारा आहे. त्यांच्यानंतर काम हाती घेणाऱ्या खेरित ग्राइन्स यांनी हा अर्थ पालटला. अतिशय तापविलेल्या मांसावर ठेवलेल्या कोंबड्याही आजारी पडतात, आणि मुगाने त्या बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. तेव्हा दोष अन्नात असलेल्या वस्तूचा नसून नसलेल्या वस्तूचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९०१ मध्ये मांडला. परंतु तो डच भाषेत, वसाहतीतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. युरोपातील फारच थोड्या विद्वानांच्या नजरेस तो पडला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१२ मध्ये, लंडनमध्ये काझिमिर फुंक यांनी 'व्हिटामाइन' हा शब्द घडविला. त्याच वर्षी फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी अशा द्रव्यांना अन्नातील 'सहायक' घटक म्हटले. हे विशेषण फसवे होते. जे नसेल तर माणूस मरतो, त्याला सहायक कसे म्हणावे? ग्राइन्स यांनी या द्रव्यांच्या अनिवार्यतेवर बोट ठेवले होते. फुंक यांचा शब्दही सदोष ठरला, कारण ही सर्व द्रव्ये अमाइन नाहीत. म्हणून १९२० मध्ये ड्रमंड यांनी इंग्रजी लेखनातील शेवटचे अक्षर गाळून तो 'व्हिटॅमिन' केला. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ या दोघा डच संशोधकांनी बटाव्हियातच भाताच्या कोंड्यापासून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. आज त्याला थायामिन अथवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतात.

१९२९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइकमान आणि हॉपकिन्स यांना विभागून मिळाले. ग्राइन्स यांचे नाव त्यात नव्हते. त्यांचे जुने निबंध इंग्रजीत एकत्र प्रसिद्ध झाले ते १९३५ मध्ये, ग्राइन्स सत्तरीला पोहोचल्यावर.

आज औषधाच्या दुकानांत ब-१ च्या गोळ्या 'पूरक आहार' म्हणून विकल्या जातात, आणि एका भाषेतील वेष्टनावरचा मजकूर दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला 'पूरक' हा शब्द सोपाच वाटतो. पण गिरणीच्या पात्यांनी जे दाण्यावरून खरवडून काढले, तेच येथे परत केले जात आहे. मराठीने या द्रव्याला 'जीवनसत्त्व' म्हटले, तेव्हा ग्राइन्स यांनी डच भाषेत जे सांगितले होते, त्याच्या ती पुष्कळच जवळ गेली.