महादेवाला पायी

पचमढीचा शोध 1857 साली कॅप्टन जेम्स फॉरसाइथनं लावला, असं तिथला गाइड सांगतो आणि पर्यटनाच्या पुस्तिकेतही तेच छापलेलं असतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे वाक्य दाताखालच्या खड्यासारखं लागतं. त्या डोंगरातल्या शैलाश्रयांमध्ये हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, कोरकू आणि गोंड तिथलेच. साहेबाला विरोध करणारा कोरकू राजा भभूतसिंगही तिथलाच. आणि गंमत म्हणजे 1871 साली निघालेल्या फॉरसाइथच्या स्वतःच्या पुस्तकातच महादेवाच्या जत्रेचं वर्णन आहे, जत्रेत पसरलेल्या कॉलऱ्यासकट. मग शोध कुणी कुणाचा लावला?

त्या गर्दीत आपली वैदर्भीय माणसं असणार हे सांगायला पुरावा शोधावा लागत नाही. माझी आजी तिच्या सासूबरोबर गेली होती. सावनेर, छिंदवाडा करत, सामान बैलगाडीत आणि माणसं पायी. अशा जंगलात एकट्यानं जायची सोयच नव्हती, म्हणून गावचा जथा निघे. चालीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या म्हातारीचा. लेकी-सुनांवर घर सोपवल्याशिवाय बाईला एवढे दिवस मिळत नसत, त्यामुळे जथ्यात पिकले केसच जास्त. आज 'ज्येष्ठांचं ट्रेकिंग' म्हणून जे नवं म्हणून सांगतात, ते हेच. फक्त बूट नव्हते.

महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायचे. खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजारावर पायऱ्या चढायच्या, नवस फेडायचा. नागद्वारीची वाट वेगळी. श्रावणात, नागपंचमीच्या आगेमागे काही दिवसच ती उघडते, कारण ती आता सातपुडा व्याघ्रप्रकल्पातून जाते (राष्ट्रीय उद्यान 1981 सालीच झालं होतं). धुकं, पाऊस, निसरडे दगड, खडकाला लावलेल्या लोखंडी शिड्या. वाटेत भेटेल तो 'भगत'. तिथे निवृत्त तहसीलदार आणि भाजीवाली एकाच शिडीपाशी रांगेत उभे राहतात. ही समता मी शाळेत फळ्यावर लिहून कधी शिकवू शकलो नाही.

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळी राजधानी पचमढी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नकाशावर रेघ आली, यात्रेवर नाही. पण इतर गोष्टी बदलल्या. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 साली बंद झाली, आता मोठी लाइन आहे. बस थेट पचमढीला नेऊन सोडते. म्हणजे चालणं उरलं ते शेवटच्या टप्प्यात, आणि तिथेच वाट सर्वांत अवघड. पूर्वी तोवर पायाला सवय झालेली असे. आता सोफ्यावरून उठून थेट शिडी. मला काळजी वाटते ती याची, वयाची नाही.

आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत यावरून रोज वाद होतो. एकाचा मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो, "बाबा, या वयात?" त्यावर आमच्यातल्या शहात्तर वर्षांच्या बाई म्हणाल्या, "काहून, महादेव का फक्त जवानांचा हाय?"

तूर्त ठरलंय ते असं : जूनपासून रोज सेमिनरी हिल्सचा चढ, हातात काठी, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात. तिघांनी काजळीपर्यंतच जायचं, बाकीच्यांनी पद्मशेषपर्यंत. आणि पुढे कुणी पळायचं नाही.