पुस्तिका लिहिता लिहिता सुधारलेली युनिक्स

या मालिकेत आपण बहुतेक वेळा यंत्रं बघतो आणि ती घडवणारी माणसं बघतो. आज जरा एका माहितीपुस्तिकेकडे बघू. प्रश्न साधा आहे. वस्तू तयार झाल्यावर तिची पुस्तिका लिहायची, की वस्तू घडत असतानाच?

स्थळ, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथली बेल लॅब्ज. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची १९६९ पासून युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते. १९७१ च्या उत्तरार्धात संस्थेच्याच पेटंट विभागातले तीन टंकलेखक दिवसभर त्यावर अर्ज टाइप करू लागले. इथे एक मोठा फरक पडला, बघा. आता वापरणारा आणि बनवणारा एकच राहिला नाही. बनवणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, हे टंकलेखकाला कसं कळणार?

३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची पहिली पुस्तिका निघाली. थॉम्पसन आणि रिची यांनीच ती लिहिली. प्रत्येक आज्ञेला तिचा स्वतंत्र नोंदपत्रक, ठरलेल्या मथळ्यांचा: नाव, वापरायची पद्धत, वर्णन. एक मथळा होता ‘मालक’, म्हणजे याची जबाबदारी कोणाची. आणि एक होता ‘बग्ज’. आपल्या मालातले दोष आपणच छापायचे!

खरी गंमत पुढे आहे. त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय यांनी नंतर सांगितलंय, की पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की एकच धांदल उडायची. एखादी वेडीवाकडी गोष्ट कागदावर उतरवली, की हे छापायचं कसं, अशी लाज वाटायची. मग वाक्य सजवत बसण्याऐवजी ते प्रोग्रॅमच बदलायचे. काही सोयी काढून टाकल्या, काही नव्याने घातल्या, का, तर नीट सांगता याव्यात म्हणून. म्हणजे लेखन हीच तपासणी झाली.

कोणी म्हणेल, लिहिणारे तर प्रोग्रॅमरच होते, मग वेगळा तांत्रिक लेखक कशाला? तर तिथे माणसं मोजकी होती आणि वाचणारेही बरेचसे त्यांच्यासारखेच. आज एका उत्पादनावर शेकडो माणसं काम करतात. बनवणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, त्यामुळे मधली गाळलेली पायरी त्याला दिसतच नाही. तांत्रिक लेखकाला ती दिसते, कारण तो तिथेच अडखळतो.

आपल्याकडे मात्र लेखकाला बहुधा अगदी शेवटी बोलावतात. त्याने ‘हे असं का?’ म्हणून विचारलं, तर उत्तर मिळतं, आता बदलता येणार नाही, तुम्ही फक्त लिहा. मग ती अडचण वाक्यावाक्यांनी झाकली जाते आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला येते. मरे हिलमध्ये हाच प्रश्न वेळेवर विचारला गेला, आणि ऐकणाऱ्याच्या हातात प्रोग्रॅम बदलायची मुभा होती.