परदेशी जाण्यापूर्वी आरोग्यविमा: काय तपासावे, कशापासून सावध राहावे

निफाड, पिंपळगाव, ओझर, लासलगाव या भागातली अनेक मुले आज अमेरिका, जर्मनी, इंग्लंड किंवा आखाती देशांत नोकरी-शिक्षणासाठी आहेत. द्राक्षहंगाम आटोपला की त्यांचे आईवडील तिकडे जायला निघतात. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी, कुणी नातवंडांसाठी. जाणाऱ्यांचे वय बहुतेक वेळा साठीच्या पुढचे असते. सोबत मधुमेह, रक्तदाब, कधी हृदयात बसवलेला स्टेंट असतो. म्हणून तिकिटाइतकाच विचार आरोग्यविम्याचा करायला हवा.

घरचा विमा तिकडे चालतो का?

सहसा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना भारतातल्या ठरावीक रुग्णालयांपुरत्याच आहेत. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसीही बहुतेक वेळा देशाबाहेरचा खर्च देत नाही. परदेशासाठी वेगळा प्रवास विमा घ्यावा लागतो. भारतीय कंपन्यांचा असा विमा साधारणपणे निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तिकडे पोहोचल्यावर किंवा आजारी पडल्यावर घेऊ म्हटले तर मार्ग जवळजवळ बंद झालेला असतो.

कोणत्या देशाचा काय नियम?

- जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स असे शेंगेन देश: अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण सक्तीचे आहे. ते सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी लागू असावे. तातडीचे उपचार आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवा.
- अमेरिका: पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, पण गरज सर्वांत जास्त इथेच आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला पैशांअभावी अत्यवस्थ रुग्ण परत पाठवता येत नाही. मात्र उपचारांचे बिल नंतर येतेच आणि ते घर विकायची वेळ आणू शकते.
- इंग्लंड: आपत्कालीन विभागातली तपासणी मोफत असते. रुग्णालयात दाखल करून घेतले की पाहुण्यांना सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते.
- आखाती देशांत कामासाठी: ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट आहे, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

पॉलिसीत या पाच गोष्टी वाचा

१. आधीपासूनचे आजार: बहुतेक पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात, किंवा फक्त जिवावर बेतले तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो. मधुमेही माणसाला तिकडे हृदयविकाराचा झटका आला तर कंपनी किती देईल, हे लेखी विचारा.

२. वयानुसार मर्यादा: पहिल्या पानावर मोठी रक्कम असते. आत मात्र साठीपुढच्यांसाठी खोलीभाडे, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात.

३. डिडक्टिबल: म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची रक्कम.

४. कॅशलेस सोय: तिथल्या रुग्णालयाला कंपनी थेट पैसे देते की बिल आधी आपण भरायचे?

५. मुदत: मुक्काम लांबला तर पॉलिसी वाढवता येते का आणि त्यासाठी किती दिवस आधी कळवावे लागते?

आजार लपवू नका

"डॉक्टर, कागदावर बीपी लिहू नका, विमा महाग होतो," अशी विनंती आम्हा डॉक्टरांना नेहमी होते. ती मान्य करता येत नाही आणि ती रुग्णाच्या हिताचीही नाही. परदेशातले रुग्णालय दाखल करतानाच जुने आजार आणि चालू गोळ्या विचारते. ते कागद विमा कंपनीकडे जातात. आजार लपवल्याचे दिसले की क्लेम नाकारला जातो. हप्त्यात वाचवलेल्या काही हजारांपायी लाखोंचे बिल मुलाच्या गळ्यात पडते.

फसवी संकेतस्थळे कशी ओळखावीत?

गुगलवर शोधल्यावर सर्वांत वर दिसणारे संकेतस्थळ बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. वर आहे म्हणजे खरे आहे, असे नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर थांबा:

- पैसे कंपनीच्या नावाने न मागता एखाद्याच्या खासगी यूपीआय क्रमांकावर मागणे.
- "व्हिसाची हमी", "सर्व जुने आजार कव्हर", "आजच शेवटचा दिवस" अशी भाषा.
- पासपोर्ट आणि आधारचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागणे, किंवा मोबाइलची स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला सांगणे.
- विमा कंपनीचा आयआरडीएआय नोंदणी क्रमांक कुठेच नसणे.

आयआरडीएआय ही विमा क्षेत्राची नियामक संस्था आहे. ती स्वतः पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही. तिच्या नावाने असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. नोंदणीकृत कंपन्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर आहे. पॉलिसी हाती आली की कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा फोन नंबर घ्या, एजंटने दिलेला नको. त्यावर पॉलिसी क्रमांक सांगून ती खरी असल्याची खात्री करा.

पासपोर्टचेही असेच आहे. त्यासाठीचे अधिकृत संकेतस्थळ 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन' हे आहे. त्याच्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळे असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला आहे. व्हिसाचा अर्ज त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून सुरू करा. अधिकृत केंद्राचा पत्ता तिथेच मिळतो.

निघण्याच्या महिनाभर आधी

- डॉक्टरांकडून आजारांची माहिती आणि औषधांची मूळ नावे असलेले, इंग्रजीत टाइप केलेले पत्र घ्या. अलीकडचा ईसीजी आणि अँजिओग्राफीचा अहवाल सोबत ठेवा.
- औषधे मूळ पाकिटांत आणि हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात गोठू शकते, म्हणून ते मोठ्या बॅगेत टाकू नका. दोन आठवड्यांचा जादा साठा घ्या.
- काही वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. आधी चौकशी करा. तिथे खसखसही चालत नाही, त्यामुळे लाडवांत ती घालू नका.
- केनिया, युगांडा अशा देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि आयुष्यभर चालते.

अडचण आली तर

परदेशात दाखल व्हावे लागले तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी रुग्णालय, मग फोन. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल आणि पावत्या जपा.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे विमा लोकपालांकडे जाता येते आणि तिथे शुल्क लागत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवून धरणे कठीण.

पॉलिसीची एक प्रत पासपोर्टसोबत, एक मुलाकडे आणि एक घरी ठेवा. मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आईवडिलांच्या पाकिटात घाला. मुलगा किंवा सून कामावर असताना त्रास झाला, तर तोच कागद शेजाऱ्यांच्या कामी येईल.